जुन्या व्हिडिओ कॅसेटचे डिजिटल रूपांतर: पहिले वाचन नीट व्हावे म्हणून

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील अनेक मराठी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात व्हिडिओ कॅसेट अजून पडून आहेत. कुणाकडे लग्नाची, कुणाकडे मुंजीची, तर कुणाकडे शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीची, गावातील साहित्य संमेलनाची, कुस्तीच्या मैदानाची किंवा महालक्ष्मीच्या यात्रेची कॅसेट असते. आपल्याकडच्या गावांत लक्ष्मीची यात्रा दरवर्षी भरत नाही. दोन यात्रांमध्ये कित्येक वर्षे जातात. त्यामुळे १९९० च्या दशकातील एखाद्या यात्रेची कॅसेट ही त्या गावापाशी असलेली त्या यात्रेची एकमेव हलती नोंद असू शकते.

या कॅसेट दोन बाजूंनी हातातून निसटत आहेत. फितीवरचे चुंबकीय चित्र वर्षागणिक क्षीण होते आणि दमट हवेत फितीला बुरशी लागते, ही एक बाजू; फीत वाचणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे कारागीर कमी होत चालले आहेत, ही दुसरी. व्हीसीआर तयार करणारी शेवटची मोठी कंपनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आज जे व्हीसीआर चालू आहेत, ते सगळे जुनेच आहेत.

या कामात एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रूपांतराची गुणवत्ता ठरते ती कॅसेट यंत्रात फिरत असताना. संगणकावर नंतर केलेले रंगांचे किंवा आवाजाचे काम चुकले तर ते पुसून पुन्हा करता येते, परंतु फितीचे चांगले वाचन पुन्हा करता येईलच असे नाही. काही वर्षांपूर्वी चुलतबहिणीच्या लग्नाची कॅसेट मी एका दुकानात देऊन तिची डीव्हीडी करून घेतली होती. त्या डीव्हीडीवर मुंडावळ्यांच्या जागी कपाळावर नुसता पांढरा पट्टा दिसत होता आणि वरातीतील लेझीम अडखळत चालल्यासारखे वाटत होते. तीच कॅसेट पुढे घरी काळजीपूर्वक वाचली, तेव्हा मुंडावळ्यांचा मोती न् मोती वेगळा दिसला. फितीत काहीच उणे नव्हते. जे हरवले होते ते नकल करताना हरवले होते.

प्रथम कॅसेट कोणत्या प्रकारची आहे, ते ओळखावे. आपल्या भागात बहुतेक कॅसेट व्हीएचएस म्हणजे मोठ्या आकाराच्या, अर्धा इंच रुंद फितीच्या असतात. जेव्हीसीने ही पद्धत १९७६ मध्ये बाजारात आणली आणि लग्नाच्या शूटिंगसाठी खांद्यावरचे जे मोठे कॅमेरे आपल्याकडे वापरले जात, त्यांतील कित्येकांत हीच कॅसेट थेट बसत असे. तळहातावर मावणारी छोटी कॅसेट दिसली तर ती व्हीएचएस-सी, व्हिडिओ-८, हाय-८ किंवा मिनी-डीव्ही यांपैकी एक असते आणि तिच्यावर तसे छापलेले असते. व्हीएचएस-सी ही मूळ व्हीएचएसच असल्यामुळे अडॅप्टर कॅसेटमध्ये घालून साध्या व्हीसीआरवर चालते. व्हिडिओ-८ आणि हाय-८ यांना मात्र त्याच जातीचा कॅमेरा लागतो. त्यांच्यासाठी सोनीचा डिजिटल-८ कॅमेरा मिळाला तर उत्तम, कारण त्यांपैकी काही मॉडेल जुन्या फिती वाचून त्यांचे चित्र आतल्या आत स्थिर करतात आणि फायरवायर केबलने थेट डिजिटल स्वरूपात बाहेर देतात. मिनी-डीव्ही ही मुळातच डिजिटल फीत आहे. ती फायरवायरनेच उतरवून घ्यावी, साध्या पिवळ्या पिनेच्या (ॲनालॉग) केबलने कधीही नाही.

आखातात किंवा अमेरिकेत राहिलेल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. भारतातील पद्धत पाल आहे: ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिकेतील कॅसेट एनटीएससी पद्धतीच्या असतात, आणि सौदी अरेबियात पूर्वी सेकॅम पद्धत असल्यामुळे तिथे टीव्हीवरून भरलेली कॅसेट आपल्या व्हीसीआरवर कृष्णधवल दिसू शकते. असे झाले म्हणजे रंग उडाले असे समजू नये. मल्टिसिस्टम व्हीसीआर मिळवावा. एनटीएससी कॅसेटसाठी तो व्हीसीआर खरा एनटीएससी सिग्नल बाहेर देतो की टीव्हीच्या सोयीसाठी अर्धवट पाल करून देतो, हेही तपासावे, कारण हा दुसऱ्या प्रकारचा सिग्नल अनेक कॅप्चर उपकरणांना, म्हणजे चित्र संगणकात उतरवणाऱ्या उपकरणांना, कळत नाही.

लग्नाच्या कॅसेटबाबत शक्य असेल तर शूटिंग करणाऱ्याच्या घरी चौकशी करावी. आपल्याला मिळालेली कॅसेट बहुधा एडिटिंग करून, वर गाणी चढवून तयार केलेली दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीची नकल असते. व्हीएचएसमध्ये प्रत्येक नकलेसरशी चित्र मऊ होते आणि रंग पसरतात. मूळ फीत शिल्लक असेल तर चित्र चांगले मिळतेच, शिवाय गाण्यांच्या खाली दडपलेले बोलणे, मंगलाष्टके, उखाणे हे सारे तिच्यावर असते.

फीत तपासणे

कॅसेट हातात आली की ती लगेच यंत्रात घालू नये. मी एकदा ही घाई केली. खानापूर तालुक्यातील एका यात्रेची कॅसेट होती. लेबलावर शाईने लिहिलेली अक्षरे फुटली होती, आणि ती ओलाव्याची खूण आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. यंत्र सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात पडद्यावर मुंग्या आल्या, कारण फितीवरची बुरशी यंत्रातील हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, जाऊन बसली होती. हेड साफ न करता पुढे घातलेल्या आणखी दोन चांगल्या कॅसेटनाही ती लागली.

म्हणून कॅसेट खिडकीच्या बाजूने टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरावी आणि गुंडाळीच्या कडेकडे पाहावे. निरोगी फितीची कडा काळी, गुळगुळीत आणि एकसारखी दिसते. कडेवर पांढरट ठिपके, कापसासारखे तंतू किंवा पिठूळ रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे. त्यानंतर कॅसेटच्या बाजूचे छोटे बटण दाबून पुढची झडप उचलावी आणि समोर दिसणाऱ्या फितीवर सुरकुती, चिरा किंवा दुमड आहे का, ते पाहावे. फितीला बोट लावू नये. चित्र फितीवर ज्या बारीक पट्ट्यांत लिहिलेले असते, त्यांतील एका पट्ट्याची म्हणजे ट्रॅकची रुंदी पालमध्ये ४९ मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाहूनही कमी असते. बोटाचा तेलकट ठसा इतक्या बारीक ट्रॅकवर सहज आडवा पडतो.

आपल्या भागातील हवा येथे निर्णायक ठरते. खानापूरच्या पश्चिमेकडील जंगलपट्टा, चोर्ला घाट, आंबोलीकडची बाजू येथे पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात, आणि मंगळुरी कौलांखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात जी तलखी असते ती फितीला तितकीच मारक असते. म्हणून हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत हाती घ्यावे. माळ्यावरून काढलेली कॅसेट ज्या खोलीत काम होणार आहे तिथे किमान एक दिवस ठेवावी, म्हणजे फीत आणि यंत्र यांचे तापमान सारखे होते आणि यंत्रातील फिरत्या ड्रमवर (ज्यावर हेड बसवलेले असतात) दव धरत नाही.

बुरशी आढळली तर ती कॅसेट इतरांपासून वेगळी करावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह काही आठवडे ठेवावी. उन्हात वाळवू नये. उष्णतेने फीत आक्रसते आणि वेडीवाकडी होते. ओली बुरशी पुसली तर ती फितीवर माखली जाते, वाळलेली बुरशी मात्र भुकटीसारखी सुटते. साफसफाईसाठी एक जुना, टाकाऊ व्हीसीआर वेगळा ठेवावा आणि फीत हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे जात असताना तिला तंतू न सोडणारे मऊ कोरडे कापड अगदी हलके टेकवावे. हे काम नाकातोंडावर चांगला मास्क लावून घराबाहेर मोकळ्या हवेत करावे, दम्याच्या माणसाने ते करूच नये. कॅसेट एखाद्याच कुटुंबाची नसून गावाची किंवा संस्थेची असेल आणि बुरशी खोलवर गेली असेल, तर जाणत्या प्रयोगशाळेकडे देणे योग्य.

फीत टोकाला गुंडाळीतून सुटली असेल किंवा तुटली असेल, तर कॅसेटच्या तळाचे पाच स्क्रू काढून ती उघडता येते. आतील चाके आणि स्प्रिंग कुठे बसले होते, त्याचा उघडताक्षणी मोबाईलवर फोटो काढावा. सांधा लावण्यासाठी व्हिडिओ फितीची खास स्प्लायसिंग टेप वापरावी. साधी सेलोटेप कधीही लावू नये; तिचा गोंद काही दिवसांत कडेने बाहेर येतो, पुढच्या वेढ्याला चिकटतो आणि शेवटी हेडवर जातो. कॅसेटचे प्लास्टिकचे टरफल फुटले असेल तर दुसऱ्या निरुपयोगी कॅसेटचे टरफल घेऊन त्यात गुंडाळ्या बसवाव्यात.

काम सुरू करण्याआधी आणखी एक दक्षता घ्यावी. कॅसेटच्या मागच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी तोडलेली नसेल तर ती तोडावी. मग चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी फितीवर काही भरले जात नाही.

यंत्र

चांगला व्हीसीआर मिळवणे हाच या कामातील खरा कष्टाचा भाग आहे. आपल्याकडे पूर्वी भाड्याने मिळणारे बरेचसे यंत्र व्हीसीपी, म्हणजे फक्त वाचणारे असत, आणि ते इतके झिजलेले असतात की त्यांवर महत्त्वाची फीत घालू नये. कुणाच्या तरी घरी झाकून ठेवलेला, कमी वापरलेला व्हीसीआर शोधावा. एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) जातीचा आणि आत टाइम बेस करेक्टर (चित्राच्या रेषा सरळ करणारी सोय) असलेला व्हीसीआर मिळाला तर अतिउत्तम. तो साधी व्हीएचएस फीतही वाचतो आणि एस-व्हिडिओ केबलने चमक व रंग वेगळे वाहून नेतो. वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्राचे पट्टे सैल आणि रबरी चाक कडक झालेले असते, त्यामुळे जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिराकडून ते आधी तपासून घ्यावे, आणि पहिल्यांदा नेहमी बिनमहत्त्वाची कॅसेट घालून पाहावी.

हेड साफ करण्याची रीत नीट समजून घ्यावी, कारण येथे एका क्षणात यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. यंत्राची पिन भिंतीतून काढावी, वरचे झाकण उघडावे. मधोमध तिरका बसवलेला चकचकीत धातूचा ड्रम दिसतो. तो चालू असताना सेकंदाला २५ फेरे घेतो आणि त्याच्या कडेवर अतिशय नाजूक हेड असतात. कमावलेल्या मऊ कातड्याचा तुकडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला आडवा टेकवावा आणि हात स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून सावकाश फिरवावा. कातडे वर-खाली घासू नये, हेड तुटते. कानकोरणीचा कापूस वापरू नये, त्याचे तंतू हेडमध्ये अडकतात. त्यानंतर आवाजाचे स्थिर हेड, धातूचे खांब आणि रबरी चाक पुसावे आणि अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत थांबावे. बुरशी लागलेली कॅसेट चालवली असेल तर हे दर वेळी करावे. इतर वेळी चित्रात मुंग्या दिसल्याशिवाय हेडला हात लावू नये.

यंत्र पंधरा मिनिटे तापू द्यावे. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे गुंडाळावी. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर फीत असते आणि अनेक वर्षे एकाच जागी राहिल्याने तिचे वेढे कुठे सैल, कुठे घट्ट झालेले असतात. मग ती लावून ट्रॅकिंग, म्हणजे हेड ट्रॅकवर नेमके बसवणे, जुळवावे. प्रत्येक कॅमेऱ्याने ट्रॅक किंचित वेगळ्या जागी लिहिलेले असतात, म्हणून आपोआप जुळणाऱ्या ट्रॅकिंगवर न विसंबता बटणाने थोडे इकडेतिकडे करून, मुंग्यांचा पट्टा पडद्याबाहेर जाईल अशी जागा शोधावी. पट्टा कुठेच जात नसेल तर दुसऱ्या व्हीसीआरवर ती कॅसेट लावून पाहावी. एका यंत्रावर वाईट दिसणारी कॅसेट दुसऱ्यावर स्वच्छ दिसते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आवाजाकडे माणसे उशिरा वळतात, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. व्हीएचएस फितीवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो. एक फितीच्या कडेला सरळ रेषेत, स्थिर हेडने लिहिलेला. दुसरा हाय-फाय, जो फिरत्या हेडने चित्राच्याच जागी खोलवर लिहिलेला असतो. हाय-फाय आवाज अधिक स्वच्छ असतो, पण ट्रॅकिंग थोडे हलले की घरघरू लागतो. सरळ रेषेतला आवाज मंद असतो, पण टिकाऊ असतो. दोन्ही असतील तर व्हीसीआरवर बदलून दोन्ही ऐकावेत. याला एक विशेष कारण आहे: मूळ फितीवर नंतर गाणे चढवण्याची जी ऑडिओ डबची सोय असे, ती फक्त कडेच्या रेषेवर लिहीत असे, त्यामुळे हाय-फाय असलेल्या मूळ फितीवर गाण्याच्या मागचा खरा आवाज जसाच्या तसा राहिलेला असू शकतो. अशाच एका फितीवर आम्हाला आजोबांचा, म्हणजे अण्णांचा, पाहुण्यांना जेवायला हाका मारणारा आवाज सापडला. आत्या पडद्याकडे पाहतही नव्हती, स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “अण्णा बोलायल्यात काय रे?” चित्रासाठी एक ट्रॅकिंग चांगले आणि आवाजासाठी दुसरे, असे आढळले तर फीत दोनदा वाचून दोन फाइली कराव्यात.

सिग्नल संगणकात आणणे

व्हीसीआरच्या मागे अँटेनाच्या वायरची जागा आणि पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची जागा अशा दोन्ही असतात. अँटेनाची वायर वापरू नये. एस-व्हिडिओ असेल तर तो, नसेल तर पिवळी पिन. केबल आखूड आणि चांगल्या आवरणाची घ्यावी. व्हीसीआर, संगणक आणि मधली सर्व उपकरणे एकाच विजेच्या बोर्डावर लावावीत, नाहीतर आवाजात गुणगुण शिरते. आपल्याकडे वीज जाण्याचा भरवसा नसल्याने सगळे यूपीएसवर असावे. वीज गेल्यावर फीत ड्रमभोवती गुंडाळलेल्या अवस्थेत अडकून पडणे हे तीन तासांचे काम वाया जाण्याहून वाईट असते.

आता त्या भागाकडे येतो जो बहुतेक वेळा वगळला जातो. फीत यांत्रिक रीतीने ओढली जात असल्याने प्रत्येक रेषा अगदी नेमक्या वेळी सुरू होत नाही. कोणती किंचित आधी, कोणती किंचित नंतर. जुना टीव्ही हे सहन करत असे. कॅप्चर उपकरणाला ते सहन होत नाही, आणि मग मांडवाचे खांब किंवा दाराची चौकट पाण्यातून पाहिल्यासारखी लहरत दिसते, चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकतो, मधली चित्रे गळतात आणि आवाज हळूहळू मागे पडतो. यावर उपाय टाइम बेस करेक्टर. तो व्हीसीआरच्या आत असेल तर चालू करावा. नसेल तर पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० किंवा डीएमआर-ईएस१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि संगणक यांच्यामध्ये जोडतात. त्यांत काहीही रेकॉर्ड करायचे नसते, सिग्नल फक्त आतून जाऊ द्यायचा असतो, आणि तेवढ्याने रेषा सरळ होतात. माझ्या मते पैसे मोजकेच असतील तर महागड्या कॅप्चर उपकरणाऐवजी ते येथे खर्च करावेत.

कॅप्चर उपकरण म्हणून बाजारात मिळणाऱ्या अगदी स्वस्त, बिननावाच्या यूएसबी काड्या टाळाव्यात. त्यांत उजळ भाग जळतात आणि आवाज फाटतो. आय-ओ डेटाचे जीव्ही-यूएसबी२ किंवा हॉपॉजचे यूएसबी-लाइव्ह२ ही साधी पण भरवशाची उपकरणे आहेत. पिवळी पिन घेऊन एचडीएमआय देणाऱ्या छोट्या डब्यांचा मोह होतो, परंतु ते चित्र स्वतःच फुगवतात आणि प्रत्येक चित्र ज्या दोन अर्धचित्रांनी विणलेले असते त्यांची मूळ रचना मोडून टाकतात. ती एकदा मोडली की परत मिळत नाही.

संगणकावर व्हर्च्युअलडब ही मोफत प्रणाली पुरेशी आहे. पद्धत पाल, आकार ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ चित्रे, रंग ४:२:२, आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, कोणत्याही आकुंचनाविना, अशी मांडणी करावी. आवाज त्याच कॅप्चर उपकरणातून घ्यावा, संगणकाच्या माइकच्या छिद्रातून नव्हे, कारण दोन वेगळी घड्याळे तासाभरात एकमेकांपासून दूर जातात.

चित्र साठवताना काहीही न गमावणारा कोडेक, म्हणजे फाइल आकुंचित करण्याची पद्धत, वापरावा: हफवाययूव्ही, लॅगॅरिथ किंवा एफएफव्ही१. पूर्ण कच्चे चित्र तासाला सुमारे ७५ जीबी होते. हे कोडेक ते निम्म्याच्या आत आणतात, म्हणजे तासाला साधारण २५ ते ३५ जीबी. एफएफव्ही१ चा आराखडा २०२१ मध्ये खुले मानक म्हणून प्रसिद्ध झाला आहे आणि अभिलेखागारेही तो वापरतात, म्हणून दीर्घकाळ ठेवण्याची फाइल मी त्यातच करतो. थेट एमपी४ मध्ये कॅप्चर करू नये. फितीवरच्या मुंग्या आणि कंप आकुंचनाला सर्वांत जड जातात, आणि प्रणाली नेमके चेहऱ्यांवरचे बारकावे सोडून मुंग्याच जपत बसते.

सुरू करण्याआधी उजेडाची पातळी तपासावी. लग्नाच्या शूटिंगमध्ये हॅलोजनचा झोत थेट तोंडावर असे, त्यामुळे मुंडावळ्या, पांढरा फेटा, अक्षतांचे ताट हे भाग आधीच फार उजळ असतात. फितीवरचा असा सर्वांत उजळ प्रसंग शोधावा, हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) उघडावा आणि उजवीकडचा आलेख २३५ च्या पुढे भिंतीला जाऊन आदळत नाही इतके कॉन्ट्रास्ट व ब्राइटनेस उतरवावे. तसेच सर्वांत गडद प्रसंगात डावीकडे १६ च्या खाली चित्र दबत नाही ना, ते पाहावे. चित्र थोडे फिके वाटले तरी चालेल. फिके चित्र नंतर खुलवता येते, जळालेला मोती आणता येत नाही.

कॅप्चर चालू असताना संगणकावर दुसरे काही करू नये. अपडेट, व्हायरस तपासणी, स्क्रीन सेव्हर बंद ठेवावेत आणि उपकरण हबमध्ये न लावता थेट यूएसबीच्या जागेत लावावे. गळलेल्या आणि भरून काढलेल्या चित्रांचे आकडे प्रणाली दाखवते. फीत जिथे खराब आहे तिथे एखाददुसरे चित्र गळले तर ते समजण्यासारखे आहे. चांगल्या भागातही आकडा सतत वाढत असेल तर थांबून सिग्नलचे स्थैर्य पुन्हा पाहावे. पहिली दहा मिनिटे करून झाल्यावर ती फाइल उघडून ओठ आणि शब्द जुळतात का, हे पाहावे आणि मगच पूर्ण कॅसेट लावावी. चित्राच्या तळाशी काही रेषांत जो फाटका, थरथरता पट्टा दिसतो तो दोष नाही; एका हेडकडून दुसऱ्याकडे जाण्याची ती जागा आहे आणि जुन्या टीव्हीची चौकट ती झाकत असे.

पाहण्याची प्रत

मूळ कॅप्चर फाइल जशी आहे तशीच ठेवावी. तीत कापाकापी, रंगबदल काही करू नये. नातेवाइकांना देण्याची प्रत तीतून वेगळी काढावी. येथे सर्वांत महत्त्वाचे पाऊल अर्धचित्रांचे आहे. पालमधील एका चित्रात दोन वेगवेगळ्या क्षणांची अर्धचित्रे विणलेली असतात, म्हणजे सेकंदाला ५० क्षण. सोप्या रीतीने त्यांतील निम्मे टाकून २५ केले की लेझीम, दांडपट्टा, कुस्तीतील पट हे सारे अडखळत दिसते. माझ्या चुलतबहिणीच्या डीव्हीडीत झाले ते हेच. म्हणून प्रत ५० चित्रांचीच करावी. हायब्रिड या मोफत प्रणालीतील क्यूटीजीएमसी हा मार्ग संथ आहे, पण त्याचा परिणाम सर्वांत चांगला. तितका वेळ नसेल तर हँडब्रेकमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ निवडून त्यातील बॉब पर्याय घ्यावा.

त्यानंतर तळाचा फाटका पट्टा काळ्याने झाकावा, प्रमाण ४:३ ठेवावे आणि एच.२६४ मध्ये दर्जाचा आकडा १६ ते १८ च्या दरम्यान ठेवून फाइल करावी. रुंद टीव्हीवर भरावे म्हणून चित्र ताणू नये. माणसे बुटकी आणि जाड दिसतात. मुंग्या कमी करण्याची गाळणी हलक्या हाताने वापरावी. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र मोठे आणि धारदार करणाऱ्या प्रणालींबद्दल माझे मत स्पष्ट आहे: कौटुंबिक आणि गावाच्या नोंदींवर त्या वापरू नयेत. जिथे फितीवर तपशील नाही तिथे त्या तो रचतात, आणि गर्दीतील लहानसा चेहरा कुणा तिसऱ्याच माणसाचा होतो.

फाइलचे नाव वर्ष, गाव, प्रसंग, कॅसेट क्रमांक या क्रमाने द्यावे. सोबत मजकुराची एक साधी फाइल ठेवावी. तीत लेबलावर मराठी, कन्नड किंवा इंग्रजीत जे लिहिले असेल ते जसेच्या तसे, वापरलेला व्हीसीआर आणि कॅप्चरची तारीख नोंदवावी. मग घरातील किंवा गल्लीतील वडीलधाऱ्यांना बसवून ती प्रत दाखवावी आणि कोणत्या मिनिटाला कोण दिसते, चित्ररथ कोणत्या मंडळाचा, पालखी कोणत्या वाड्यापुढे थांबली, हे लिहून घ्यावे. हे काम शक्य तितक्या लवकर करावे. चेहरे ओळखणारी माणसे फितीइतकीच थोडी उरली आहेत.

मूळ फाइलच्या तीन प्रती असाव्यात: दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी, कोल्हापूर किंवा पुण्यातील नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. वर्षातून एकदा डिस्क जोडून चेकसम (फाइल बिघडली नाही ना, हे दाखवणारा आकडा) जुळतो का ते तपासावे. वापरात नसलेली एसएसडी किंवा साधी डीव्हीडी यांवर एकमेव प्रत ठेवू नये.

काम झाल्यावर कॅसेट टाकून देऊ नयेत. व्हीसीआरच्या हेडकडून येणारा कच्चा सिग्नल थेट टिपून बाकी सारे काम संगणकावर करणारी व्हीएचएस-डीकोड ही पद्धत आज हौशी जाणकारांच्या हातात आहे, आणि तिने नेहमीच्या वाचनाहून चांगले चित्र मिळू शकते. त्यासाठी मूळ फीत शिल्लक असायला हवी. कॅसेट पूर्ण मागे गुंडाळावी, खोक्यात घालून पुस्तकासारखी उभी ठेवावी, आणि तिची जागा माळ्यावर नव्हे तर आतल्या खोलीच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर असावी. डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या दरवर्षी मृग लागण्यापूर्वी बदलाव्यात.